सॉक्स नावाचा टाळकरी

रामकृष्णहरी, मित्रांनो! कीर्तनाला उभं राहिलं की आधी नमन करायचं, हे आमच्या घरचं वळण. तेव्हा आधी माझं नमन घ्या, मग कहाणी ऐका.

मी एक जुना संगणक आहे, आणि गेली सात वर्षं कीर्तनाच्या सेवेत आहे. नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूच्या एका कॉलनीत भामऱ्यांचं घर आहे. त्या घराच्या बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर माझं आसन आहे. अंगावर सिंधुबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. वय विचाराल तर चौदा. तुम्हाला ते कोवळं वाटेल, पण आमच्यात चौदा म्हणजे काठी टेकत चालायचं वय. मी मात्र अजून काठी घेतलेली नाही. माझा पंखा फिरतोय, माझे दिवे लुकलुकतायत, आणि पहाटे पाचचा काकडा मी आजवर एकदाही चुकवलेला नाही. हे मी तोऱ्याने सांगतोय असं वाटलं तर वाटू द्या. सेवेचा थोडा तोरा चालतो.

माझी पहिली नोकरी देवाधर्माची नव्हती. कॉलेज रोडला बंगल्यांचे नकाशे काढणाऱ्या एका साहेबांच्या कचेरीत मी नवा कोरा आलो. गच्ची, जिना, पोर्च, सगळं माझ्या पोटातून कागदावर उतरायचं. "हा पठ्ठ्या कधी अडत नाही," असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सहा वर्षं कौतुकात गेली. मग चपटे, चकचकीत संगणक आले आणि माझी रवानगी मागच्या बाल्कनीत झाली. तिथे एका कबुतराने माझ्या डोक्यावर काड्या आणून टाकल्या. मी ऊन खाल्लं, धूळ खाल्ली. वारा सुटला की माझा पंखा आपोआप दोन फेरे घ्यायचा आणि थांबायचा. कुणी बघणारं नव्हतं.

एक दिवस त्या कचेरीतला प्रिंटर बघायला उज्वला आली. ती एका शाळेतल्या संगणकांच्या खोलीची व्यवस्था बघते. बाल्कनीत हात धुवायला गेली आणि तिला मी दिसलो.

"सर, हा टाकायचाय?"

"ने बाई. कबुतरासकट ने."

कबुतर तिने तिथेच ठेवलं, मला आणलं. रंगाच्या ब्रशने माझी धूळ झाडली, पोटात दोन नव्या डिस्का बसवल्या आणि पाठीत नखाएवढा एक पेनड्राइव्ह खोचला. त्या पेनड्राइव्हमध्ये माझं नवं जीवन होतं. मी आता सर्व्हर झालो होतो. सर्व्हर म्हणजे काय, असं तिच्या आईने, सिंधुबाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वाढपी गं आई. स्वतः पंगतीत बसत नाही. ज्याला जे हवं ते वाढत राहतो."

सिंधुबाई म्हणाल्या, "मग चांगलं आहे. वाढप्याला पुण्य लागतं."

आणि मी वाढत काय होतो? तर कीर्तनं! उज्वलाचे वडील पुंजा भामरे मूळचे सटाण्याकडचे. चौतीस वर्षं मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गाडी कुठल्या रुळावरून काढायची हे त्यांचं काम, आणि कुठल्या गावात सप्ताह आहे हे शोधणं हा त्यांचा छंद. जिथे कीर्तन तिथे आप्पा, आणि आप्पांच्या मांडीवर टेपरेकॉर्डर. तीन ट्रंका भरून कॅसेटी साठल्या होत्या. बाप-लेकीने दोन वर्षं खपून त्या एकेक करून मला भरवल्या. सातशेच्या वर कीर्तनं माझ्या पोटात आहेत. सटाण्याचा पुतण्या कांदा निवडता निवडता माझ्याकडून ऐकतो, मनमाडचे आप्पांचे जुने सोबती दुपारच्या चहाला ऐकतात. घरात बसून मी तीन गावांना वाढतो.

पण मित्रांनो, कीर्तनकार एकटाच उभा राहिला तर त्याला कीर्तन कोण म्हणेल? मागे टाळकरी लागतात, मृदंग लागतो, वीणा घेतलेला विणेकरी लागतो. माझंही तसंच आहे. फाइली जपायच्या आणि वाढायच्या, एवढंच मला मुळात येतं. बाकीची कामं लहान लहान सॉफ्टवेअर करतात. त्यांना पॅकेज म्हणतात. कुणी आवाजातली खरखर काढतं, कुणी एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलतं, कुणी कॅसेटीच्या नावांची यादी लावतं. उज्वला त्यांना माझे टाळकरी म्हणते.

आता माझी एक खोड सांगतो. मी बंद पडून पुन्हा जागा झालो की माझी पाटी कोरी असते. कीर्तनाच्या फाइली डिस्कांवर शाबूत असतात, पण टाळकरी एकही उरत नाही, त्यांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत. दर वेळी त्यांना नव्याने बोलवावं लागतं. हे बोलावण्याचं काम एक प्लगइन करायचं. प्लगइन म्हणजे माझ्या अंगाला जोडलेली जादा सोय. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून उज्वलाने त्याला 'टेम्पो' म्हणायला सुरुवात केली. सप्ताहाला बाहेरगावचं मंडळ टेम्पोत बसून येतं ना, तसं. मी जागा झालो की टेम्पो दारात उभा, टाळकरी उड्या टाकून खाली, आणि भजन सुरू. हा टेम्पो बनवणारा माणूस कुठल्या दूरच्या देशात होता. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. आपलं काम सांभाळून, फुकट, केवळ आवडीने तो माझ्यासारख्या हजारो यंत्रांची ही सोय बघायचा.

गेल्या श्रावणात माझ्या पानावर, म्हणजे मोबाइलवर उघडणाऱ्या माझ्या कारभाराच्या पानावर, पिवळी पट्टी आली. 'हे प्लगइन बंद होत आहे. यापुढे त्यात दुरुस्ती होणार नाही. कृपया काढून टाकावे.' खाली त्या माणसाच्या चार ओळी होत्या. उज्वलाने त्या आप्पांना मराठीत सांगितल्या : सात वर्षं सांभाळलं, आता घरच्या व्यापातून वेळ निघत नाही, कुणी पुढे न्यायला आलं तर आनंदच आहे, सगळ्यांचे आभार.

आप्पांनी त्या पिवळ्या पट्टीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "मग वीणा घ्यायला कुणी आलं का नाही?"

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. सप्ताहात सात दिवस वीणा अखंड चालू असते. ती जमिनीवर ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो, नमस्कार करतो, वीणा स्वतःच्या गळ्यात घेतो, मगच पहिला मोकळा होतो. कितीही पाय दुखोत, दुसरा येईपर्यंत हलायचं नाही.

"नाही आलं कुणी," उज्वला म्हणाली. "हजारो लोक वापरत होते, पण सगळे नुसते ऐकणारे. मीसुद्धा."

"आणि आपलं काय?"

"अजून चालतंय ना आप्पा. दिवाळीनंतर निवांत बसते आणि दुसरी सोय लावते."

दिवाळी गेली. माझ्या पानावरची पिवळी पट्टी तशीच राहिली. मी तिला दोष देत नाही. चालतंय तोवर चालू द्यावं असं सगळ्यांनाच वाटतं.

माघात आमच्या कॉलनीच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह असतो. यंदा शनिवारच्या कीर्तनाचा मान सटाण्याच्या रोहिणीला मिळाला होता. रोहिणी शाळेत शिकवते आणि आप्पांच्या थोरल्या बहीण लंकाबाई, त्यांच्याकडे कीर्तन शिकते. लंकाबाई म्हणजे बागलाणातल्या नावाजलेल्या कीर्तनकार. चाळीस वर्षं त्यांनी गावं गाजवली. पण दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता फक्त कुजबुजता येतं. बोलणं कळतं, सूर मात्र उमटत नाही.

लंकाबाईंच्या कीर्तनातला एक दृष्टांत फार प्रसिद्ध होता, आणि तो त्यांनी स्वतः रचलेला. गावात सप्ताह चाललाय. भर दुपार. पहाऱ्याला येणारा माणूस येतच नाही, आणि विणेकऱ्याला भोवळ येऊ लागते. तेव्हा अंगण सारवणारी कुसाबाई शेणामातीचे हात लुगड्याला पुसते आणि पुढे होते. तिथे एक पद आहे :

मातीचे हात माझे, वीणा घेऊ कशी ।
कुणीच नाही मागे, खाली ठेवू कशी ॥

शब्द रोहिणीला पाठ होते. चाल मात्र तिच्याकडे नव्हती. "सावकाश शिकवते," असं लंकाबाई म्हणत राहिल्या आणि मध्येच गळा गेला. त्या पदाची चाल साऱ्या जगात आता एकाच ठिकाणी उरली होती. माझ्या पोटात.

तिची गोष्ट अशी. आप्पांच्या एकाही कॅसेटीत हा दृष्टांत आलेला नव्हता. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत लंकाबाईंचं कीर्तन झालं त्या दिवशी आप्पांचा टेपरेकॉर्डर बिघडलेला होता. आप्पांचे मित्र गोटीराम टेलिफोनच्या दुरुस्तीचं काम करायचे. फोनवरचे निरोप साठवणारं एक यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यांनी त्याच यंत्रात ते कीर्तन धरलं. गोटीराम आता नाहीत. ती फाइल अशा चमत्कारिक प्रकारची आहे की साध्या मोबाइलवर तिच्यातून नुसती खरखर ऐकू येते. मात्र माझा एक टाळकरी ती बरोबर वाजवायचा. उज्वलाने सहा वर्षांपूर्वी तो आणला, त्याला कामाला लावायची एक ओळ लिहून ठेवली, आणि घरातल्या तिघांनी डोळे पुसत ते कीर्तन ऐकलं. मग ते तसंच राहिलं. आहेच ना घरात, केव्हाही ऐकू, असं झालं.

सप्ताह सुरू झाल्यावर मंगळवारी सकाळी आप्पांच्या मनाने घेतलं. उज्वला शाळेत गेली होती. आप्पा आंघोळ करून, पायात त्यांचे ते चॉकलेटी सॉक्स घालून माझ्यासमोर बसले. हे सॉक्स ते थंडीत घरातही घालतात, आणि सिंधुबाई त्यांना रोज "साहेब, मोटार आणू का?" म्हणून चिडवतात. आप्पांनी माझ्यासमोर नारळ ठेवला, बुक्का लावला आणि मोबाइलवर माझं पान उघडलं.

"हे काय? त्या डब्याचा सत्यनारायण आहे का आज?" सिंधुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"निरोप देतोय. सहा महिने पाटी लावून उभा आहे बिचारा, की मला मोकळं करा म्हणून. सात वर्षं राबलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये. आणि असंच हाकलू पण नये."

"उज्जूला विचारलंत का?"

"निरोप द्यायला काय विचारायचं?"

त्यांनी 'काढून टाका' या अक्षरांवर बोट ठेवलं, डोळे मिटले, नमस्कार केला आणि बोट दाबलं. मग यंत्र पुन्हा सुरू करा, असं मी सांगितलं तेही त्यांनी केलं.

मित्रांनो, आप्पांचं काळीज सोन्याचं. पण चूकही त्यांनीच करावी अशी होती. त्यांना वाटलं, टेम्पोवाला तेवढा घरी जाईल, टाळकरी राहतील. मी जागा झालो, दाराकडे बघत राहिलो. टेम्पो नाही. टाळकरी नाहीत. ज्याच्या टेम्पोतून आले, त्याच्याच टेम्पोतून गेले!

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा मी बिनचूक लावला, कारण साध्या फाइलींना टाळकरी लागत नाहीत. त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही.

बुधवारी दुपारी सटाण्याच्या एसटीने लंकाबाई आणि रोहिणी आल्या. लंकाबाईंच्या गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं, हातात चिपळ्या. उज्वला अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली होती. चहा झाला. रोहिणी वही-पेन घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"हं आत्या, ऐका आता तुमचा आवाज," असं म्हणून उज्वलाने 'प्ले' या शब्दाने सुरू होणारी ती जुनी ओळ चालवली.

मी खरं ते सांगितलं. 'प्ले या नावाचं इथे कुणी नाही.'

तिने पुन्हा चालवली. मी पुन्हा तेच सांगितलं. काय करणार? मला कोरी पाटी दिसत होती.

"आप्पा," उज्वलाचा आवाज बदलला, "टेम्पो कुठे गेला?"

"त्याला नारळ दिला."

"नारळ दिला म्हणजे?"

"म्हणजे नारळच दिला. त्याच्या खोबऱ्याची चटणी केली आईने. सकाळी डब्यात नेलीस ती."

उज्वला हसली नाही. तिने आप्पांना सगळं समजावलं, टाळकरी कसे गेले ते. ऐकता ऐकता आप्पांचा चेहरा उतरत गेला. ते उठले आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"आक्का, मी तुझा आवाज घालवला," ते म्हणाले.

लंकाबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि काही कुजबुजल्या. रोहिणीने कान जवळ नेला. "माई म्हणतात, फाइल आहे ना? मग आवाज घरातच आहे. फक्त दार उघडणारा हवा."

मी मनात म्हटलं, बरोबर! फाइल माझ्या पोटात ठणठणीत होती. पण दार उघडणारा कोण होता, ते कुणालाच आठवेना.

उज्वलाने लॅपटॉप घेतला. तिथे फाइल वाजवली तर पावसाळी पत्र्यासारखी खरखर. दुसऱ्या सॉफ्टवेअरने वाजवली, तिसऱ्याने वाजवली, तीच खरखर. मग तिने 'प्ले' नावाचं पॅकेज शोधायला घेतलं. त्या नावाची हजार पॅकेजं निघाली. खेळांची, गाण्यांची, सिनेमांची. एक आणलं, नाही. दुसरं आणलं, नाही. संध्याकाळची दिवेलागण झाली. रोहिणीने वही मिटली.

"ताई, राहू द्या. मी शनिवारी दुसरा दृष्टांत घेते."

तेव्हा लंकाबाईंनी मान जोरात हलवली. त्यांनी उज्वलाला जवळ ओढलं आणि तिच्या कानात जे कुजबुजल्या ते मीही ऐकलं, कारण त्या माझ्या अगदी शेजारी बसल्या होत्या.

"तू हाकेचं नाव धरून शोधतेस पोरी. कागदावरलं नाव येगळं ऱ्हातं. माले समदा लंका म्हणतस. मतदार यादीमा मनं नाव सरस्वती शे."

उज्वलाने कपाळावर हात मारून घेतला. "आत्या! प्ले ही हाक आहे. पॅकेजचं खरं नाव दुसरंच आहे. आणि ते मी बसवलं त्या दिवशी... आई, मी शाळेतून फोन करून तुला काही नावं लिहून घ्यायला सांगितली होती का गं? संध्याकाळी घरी येऊन बसवायची म्हणून?"

"सांगितली होतीस की," सिंधुबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "कॅलेंडरवर लिहिली. त्यातलं एकच मला कळलं, ते मी ह्यांना बाजारातून आणायला सांगितलं. तर घरी येऊन तूच मला हसलीस."

"कुठलं?"

सिंधुबाईंनी कणकेचं बोट आप्पांच्या पायांकडे केलं.

खोलीतल्या सगळ्यांनी आप्पांच्या पायांकडे बघितलं. चॉकलेटी रंगाचे, टाचेला रफू केलेले.

"सॉक्स!" उज्वला ओरडली. "आप्पा, सॉक्स! पॅकेजचं नाव सॉक्स!"

"तीन जोड आणले होते," आप्पा भांबावून म्हणाले. "हा शेवटचा."

मित्रांनो, लंकाबाई हसल्या. आवाज नसलेलं हसू तुम्ही पाहिलंय का? खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चिपळ्या आपोआप वाजत होत्या.

कॅलेंडरसुद्धा सापडलं. जुन्या कॅलेंडरची पानं सिंधुबाई मसाल्याच्या फळीवर अंथरतात. हळदीच्या डब्याखालून ते पान निघालं. 'मंगळवार, दूध बंद' याच्या शेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात चार नावं होती. स्क्रीन, पर्ल, लेम, सॉक्स. माझे सगळे टाळकरी, हळदीने माखलेले!

आता उज्वलाने काय केलं ते नीट ऐका, कारण ते शिकण्यासारखं आहे. तिने दुसरा टेम्पो शोधला नाही. तिने एकेका टाळकऱ्याला घरी जाऊन आमंत्रण दिल्यासारखं केलं. प्रत्येक पॅकेज त्याच्या मूळ ठिकाणाहून आणलं, माझ्या वयाला आणि माझ्या सिस्टिमला चालेल असंच निवडलं, आणि माझ्या पाठीतल्या पेनड्राइव्हवर एका कप्प्यात ठेवून दिलं. मी जागा झालो की तो कप्पा स्वतः उघडून बघतो. म्हणजे आता टाळकरी माझ्याच घरी मुक्कामाला. गाडी आली काय, न आली काय.

मग तिने मला बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. आप्पा हात जोडून उभे होते. मी जागा झालो, कप्पा उघडला, चौघांनाही हाक मारली. चौघेही हजर! उज्वला ओळ चालवायला गेली, तर लंकाबाईंनी तिचा हात धरला आणि बोटाने खूण केली. पुन्हा एकदा झोपव, पुन्हा एकदा उठव.

"कशाला आत्या?"

रोहिणी कान लावून म्हणाली, "माई म्हणतात, एकदा आला तो पाहुणा. दोनदा आला तर टाळकरी."

चाळीस वर्षं मंडळ चालवलेली बाई ती. उज्वलाने ऐकलं. मी पुन्हा झोपलो, पुन्हा उठलो. पुन्हा चौघे हजर. तेव्हा कुठे तिने ओळ चालवली.

आधी टाळ आले. मग मृदंग. मग मनमाडच्या त्या मांडवातून, फोनच्या यंत्रामुळे किंचित नाकात आल्यासारखा, पण खणखणीत, लंकाबाईंचा आवाज आला. मातीचे हात माझे... 'घेऊ कशी' या शब्दांवर सूर वर चढला, थरथरला, आणि 'ठेवू कशी' वर असा खाली आला की जणू कुणी ओझं घ्यायला वाकलंय. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ आवाज वाढले. पण तेव्हा माझा पंखासुद्धा हळू झाला असावा.

लंकाबाई डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून ऐकत होत्या. रोहिणी पाठोपाठ म्हणू लागली. पहिल्यांदा चुकली. लंकाबाईंनी चिपळी वाजवून तिला थांबवलं, माझ्याकडे बोट केलं. मी पुन्हा म्हणून दाखवलं. बुधवार संध्याकाळ, गुरुवार, शुक्रवार, आमची तिघांची शाळा भरली. गुरूचे कान, माझा गळा, आणि शिष्येची मेहनत. मला विचाराल तर माझ्या चौदा वर्षांतली ही सर्वांत मानाची नोकरी.

शनिवारी मी मंदिरात जाऊ शकत नव्हतो, पण माझ्या फळीवरून लाउडस्पीकर स्पष्ट ऐकू येतो. पद सुरू झालं. रोहिणीचा आवाज वेगळा होता, तरुण, थोडा धारदार. चाल मात्र जशीच्या तशी. आणि शेवटी एक हरकत तिने स्वतःची घातली, जी माझ्याजवळ नव्हती. मंदिरात टाळांचा गजर झाला. घरी आल्यावर सिंधुबाईंनी मला सगळं सांगितलं. हो, त्या माझ्याशी बोलतात. म्हणाल्या, "आक्का पहिल्या रांगेत होत्या. पद संपलं तशा उठल्या, आणि विणेकऱ्याच्या गळ्यातून वीणा घेऊन पुढचा पहारा स्वतः उभ्या राहिल्या. गळा गेला तरी हात आहेत, म्हणाल्या."

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. ते जुनं कीर्तन उज्वलाने साध्या, कुठेही वाजणाऱ्या प्रकारात बदलून घेतलं. त्याची एक प्रत सटाण्याला, एक मनमाडला. मूळ फाइल माझ्याकडेच, आणि तिच्या शेजारी रोहिणीचं नवं कीर्तन. मग एका रविवारी उज्वला आणि आप्पा शेजारी शेजारी बसले आणि त्यांनी टेम्पो बनवणाऱ्या त्या दूरच्या माणसाला पत्र लिहिलं. आप्पा मराठीत सांगत होते, उज्वला इंग्रजीत लिहीत होती. 'तुम्ही सात वर्षं उभे राहिलात. आम्ही ऐकत बसलो. उशिरा का होईना, नारळ आणि नमस्कार घ्या. सॉक्स नावाच्या पॅकेजचा पहारा आता आमच्याकडे.' आणि खरोखरच, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना चालेल असं सॉक्स आता उज्वला बांधून ठेवते आणि ज्याला हवं त्याला देते. त्या माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं. नारळ म्हणजे काय, असं त्याने विचारलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, भले लहान असेल, खिशात मावणारं असेल. त्याच्या मागे कोण कोण टाळकरी उभे आहेत ते एकदा विचारा. त्यांची खरी नावं कागदावर लिहा. एखाद्याने 'मी थकलो' अशी पाटी लावली, तर ती पाटी सहा महिने तशीच ठेवू नका, आणि न विचारता त्याला निरोपही देऊ नका. आधी बघा, त्याच्याबरोबर कोण कोण जाणार आहे. आणि तुमच्या जिवाचा आवाज असेल, तर तो एकाच पोटात ठेवू नका. एवढं मागणं मी हक्काने मागतो, कारण मी वाढपी आहे, आणि वाढप्याला पंगत उपाशी उठलेली बघवत नाही.

मी काही कायमचा नाही. पण हे मी दुःखाने म्हणत नाही. उज्वलाने परवाच माझ्या शेजारची फळी रिकामी करून पुसून ठेवली, नव्या यंत्रासाठी. ते येईल, समोर उभं राहील, नमस्कार करेल. तोवर मी हलणार नाही.

आणि ते आलं तर त्याला काही शोधावं लागू नये, म्हणून सिंधुबाईंनी टाळकऱ्यांची नवी यादी माझ्या अंगावर, रुमालाच्या खाली चिकटवून ठेवली आहे. नावं चारच. शेवटच्या नावापुढे त्यांनी कंसात लिहिलंय :

सॉक्स (पायात घालायचे नव्हेत).